विश्लेषण : मूत्राशयाचा कर्करोग वारंवार उलटतोय... लघवीची पिशवी काढण्याचा निर्णय कधी घ्यावा?

कर्करोग कितव्यांदा उलटला, यापेक्षा कोणत्या प्रकारचा उलटला हे या निर्णयात महत्त्वाचे ठरते. शस्त्रक्रियेचा सर्वाधिक फायदा ज्या टप्प्यावर मिळतो, त्या टप्प्यावर रुग्णाला बहुधा काहीच त्रास नसतो. म्हणूनच हा निर्णय अवघड होतो.

दुर्बिणीतून गाठ काढली, पिशवीत औषध सोडले, तीन महिन्यांनी तपासणीत पुन्हा गाठ दिसली. पुन्हा भूल, पुन्हा शस्त्रक्रिया, पुन्हा अहवालाची वाट. मूत्राशयाच्या कर्करोगाच्या अनेक रुग्णांची काही वर्षे अशीच जातात. मग एके दिवशी यूरोलॉजिस्ट सांगतात, की आता लघवीची पिशवीच काढून टाकलेली बरी. रुग्ण त्या वेळी चालता-फिरता असतो, जेवण नीट जात असते, लघवीही साफ होत असते. साहजिकच घरात दोन तट पडतात. ‘एवढे मोठे ऑपरेशन आताच कशाला?’ असे काहींना वाटते, तर ‘एकदाच काय ते करून मोकळे होऊ’ असे काहींना. दोन्ही बाजूंना नेमकी माहिती मात्र बहुतेकदा नसते.

कशामुळे चर्चा?

अमेरिकी फुटबॉलमधील माजी दिग्गज खेळाडू आणि कोलोराडो विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक डीऑन सँडर्स यांनी जुलै २०२५ मध्ये आपल्याला मूत्राशयाचा कर्करोग झाल्याचे आणि मूत्राशय काढून आतड्यापासून नवे मूत्राशय तयार केल्याचे जाहीर केले. त्यांचा कर्करोग स्नायूपर्यंत पोहोचला नव्हता, पण अतिजोखमीचा होता. औषधाचे डोस घेत वाट पाहण्याऐवजी त्यांनी सुरुवातीलाच शस्त्रक्रियेची निवड केली. त्यांचा आजार उलटलेला नव्हता. तरीही ‘स्नायूत शिरण्याआधीच पिशवी काढावी का’, हा त्यांच्यापुढचा प्रश्न आणि वारंवार कर्करोग उलटणाऱ्या रुग्णांपुढचा प्रश्न एकच आहे.

हा कर्करोग पुन्हा पुन्हा का उलटतो?

मूत्राशयाला आतून एक पातळ अस्तर असते. त्याखाली संयोजी ऊतीचा थर आणि त्याखाली स्नायूचा जाड थर असतो. कर्करोगाची सुरुवात अस्तरात होते. निदानाच्या वेळी सुमारे ७० ते ७५ टक्के रुग्णांत तो स्नायूपर्यंत गेलेला नसतो. अशी गाठ लघवीच्या मार्गातून दुर्बीण घालून खरवडून काढता येते.

मात्र, ज्या कारणाने एका जागी गाठ झाली, त्याच कारणाचा मारा संपूर्ण अस्तरावर झालेला असतो. तंबाखूच्या धुरातील घातक रसायने रक्तात मिसळतात, मूत्रपिंडात गाळली जातात आणि लघवीतून मूत्राशयात तासन्‌तास साठून राहतात. या कर्करोगाच्या सुमारे निम्म्या रुग्णांमागे धूम्रपान हे कारण असते. रंग, रबर अशा उद्योगांतील काही रसायनांमुळेही हा आजार होतो. म्हणून काढलेली गाठ पूर्णपणे निघाली, तरी अस्तरात दुसरीकडे नवी गाठ येऊ शकते. निदानानंतर विडी-सिगारेट सोडल्याने काय होणार, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात सोडल्याचा फायदा तेव्हाही होतो.

अहवालात नेमके काय पाहायचे?

‘पुन्हा गाठ आली’ या एका वाक्यात दोन अगदी वेगळे आजार दडलेले असू शकतात. पहिला लो ग्रेडचा. त्यातील पेशी सौम्य स्वभावाच्या असतात. त्या वारंवार गाठी करतात, पण स्नायूत क्वचितच शिरतात. अशा रुग्णाला पाच-सहा वेळा दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेला सामोरे जावे लागले, तरी केवळ तेवढ्यासाठी पिशवी काढण्याची वेळ सहसा येत नाही.

दुसरा आजार हाय ग्रेडचा. यातील पेशी आक्रमक असतात. अहवालात ‘टीए’ लिहिले असेल तर कर्करोग अस्तरातच आहे, ‘टी१’ असेल तर तो अस्तराखालच्या थरात उतरला आहे आणि ‘टी२’ म्हणजे स्नायूत शिरला आहे. ‘सीआयएस’ हा प्रकार गाठीच्या रूपात दिसत नाही. अस्तरावर लालसर चट्ट्यासारखा पसरतो. ‘गाठ नाही’ म्हणून तो किरकोळ वाटतो, पण तो हाय ग्रेडच असतो. उपचार न केल्यास निम्म्याहून अधिक रुग्णांत तो पुढे स्नायूत शिरतो.

आणखी एक ओळ शोधावी. तपासणीला पाठवलेल्या तुकड्यात स्नायूचा अंश होता का? तो नसेल, तर कर्करोग स्नायूत शिरला नाही असे खात्रीने म्हणता येत नाही. टी१ प्रकारात साधारण दोन ते सहा आठवड्यांत त्याच जागी पुन्हा दुर्बिणीची शस्त्रक्रिया करतात ती याचसाठी. पहिल्या वेळी काही राहून गेले, म्हणून डॉक्टर चूक लपवत आहेत, असा गैरसमज त्यावरून होऊ नये.

बीसीजीचे काम काय? ते ‘फसले’ असे कधी म्हणायचे?

क्षयरोगाविरुद्धची बीसीजी लस माणसाला प्रथम १९२१ मध्ये देण्यात आली. हीच लस मूत्राशयात सोडली तर कर्करोगाला आवर घालता येतो, हे कॅनडातील डॉ. अल्वारो मोरालेस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये दाखवून दिले. त्यातील जिवंत पण दुबळे केलेले जिवाणू मूत्राशयाच्या अस्तरात दाह निर्माण करतात आणि शरीराची प्रतिकारशक्ती तिथे कर्करोगाच्या पेशींवर तुटून पडते. अतिजोखमीच्या रुग्णांसाठी आजही हाच मुख्य उपचार आहे. पुण्याची सीरम इन्स्टिट्यूट ही लस मूत्राशयाच्या कर्करोगासाठीही तयार करते.

सुरुवातीला आठवड्यातून एक याप्रमाणे सहा डोस दिले जातात. त्यानंतर ठरावीक महिन्यांनी तीन-तीन डोस, असा क्रम तीन वर्षांपर्यंत चालू शकतो. लघवीला जळजळ, वारंवार लागणे, कणकण अशा त्रासामुळे किंवा ‘आता बरे वाटते’ म्हणून अनेक जण मध्येच डोस सोडतात. अशा रुग्णाचा कर्करोग उलटला, तर ‘बीसीजी फसले’ असे म्हणता येत नाही. ते पुरेसे दिलेच गेलेले नसते. काहींना पुन्हा बीसीजी देऊन पाहता येते.

पुरेसे डोस पूर्ण करूनही सहा महिन्यांच्या आत हाय ग्रेडची गाठ किंवा बारा महिन्यांच्या आत सीआयएस दिसला, तर मात्र आजार बीसीजीला दाद देत नाही असे मानले जाते. त्यानंतर तेच औषध देत राहण्यात फारसा अर्थ नसतो.

पिशवी काढण्याचा सल्ला कोणाला दिला जातो?

ढोबळमानाने तीन प्रकारच्या रुग्णांना. ज्यांचा कर्करोग स्नायूत शिरला आहे. ज्यांचा हाय ग्रेड कर्करोग बीसीजीला दाद देत नाही. आणि ज्यांच्यात पहिल्याच निदानात टी१ हाय ग्रेडसोबत सीआयएस, अनेक किंवा मोठ्या गाठी, रक्तवाहिन्यांत शिरलेल्या पेशी अशी अतिजोखमीची लक्षणे एकत्र आली आहेत. पहिल्या गटात शस्त्रक्रियेआधी शरीर झेपवू शकत असेल तर सिस्प्लॅटिनवर आधारित केमोथेरपी दिली जाते. पाच वर्षांनंतर जगण्याचे प्रमाण त्यामुळे सुमारे पाच टक्क्यांनी वाढते. या टप्प्यावर एकाच डॉक्टरऐवजी यूरोलॉजिस्ट, कर्करोगतज्ज्ञ आणि रेडिएशनतज्ज्ञ यांनी एकत्र बसून रुग्णाचा विचार करणे अपेक्षित असते.

काही त्रास नसताना शस्त्रक्रिया कशाला?

कारण शस्त्रक्रियेचे यश कर्करोग किती खोल गेला यावर अवलंबून असते. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठातील १,०५४ रुग्णांचा अभ्यास २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. मूत्राशय काढल्यानंतर पाच वर्षांनी, ज्यांचा कर्करोग मूत्राशयाच्या भिंतीतच होता त्यांच्यापैकी ८५ टक्के रुग्णांत तो परतला नव्हता. भिंतीबाहेर गेलेला होता त्यांच्यात हे प्रमाण ५८ टक्के होते आणि लसिका गाठींपर्यंत पोहोचलेल्यांत ३५ टक्के.

दुसरे कारण असे, की दुर्बीण आणि स्कॅन यांना सगळेच दिसत नाही. ‘टी१’ समजून मूत्राशय काढलेल्या रुग्णांपैकी चौथाईहून अधिक जणांत तो प्रत्यक्षात स्नायूत शिरलेला आढळतो, असे वेगवेगळ्या अभ्यासांत दिसले आहे. लघवीत रक्त दिसेपर्यंत किंवा दुखू लागेपर्यंत थांबू, हा हिशेब म्हणूनच धोक्याचा ठरतो. स्नायूत शिरलेल्या कर्करोगात तर निदानानंतर शस्त्रक्रियेला तीन महिन्यांहून अधिक उशीर झाल्यास परिणाम बिघडतात.

याची दुसरी बाजूही खरी आहे. अतिजोखमीच्या प्रत्येकच रुग्णात कर्करोग पुढे सरकत नाही. काहींची पिशवी लवकर काढली जाते, पण ती कदाचित वाचलीही असती. कोणाची वाचली असती, हे आधी सांगणारी खात्रीशीर चाचणी आजघडीला नाही. निर्णयातील खरी कोंडी ही आहे.

पिशवी वाचवण्याचे पर्याय आहेत का?

आहेत, आणि गेल्या काही वर्षांत वाढलेही आहेत. बीसीजीला दाद न देणाऱ्या सीआयएससाठी अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जानेवारी २०२० मध्ये पेम्ब्रोलिझुमॅब या इम्युनोथेरपीला मान्यता दिली. त्यानंतर २०२२ मध्ये नॅडोफॅराजीन ही जनुकीय उपचारपद्धती, २०२४ मध्ये बीसीजीसोबत द्यायचे एन-८०३ आणि २०२५ मध्ये मूत्राशयात ठेवून हळूहळू जेमसिटाबिन सोडणारे टार-२०० हे उपकरण मान्य झाले. हे सगळे पर्याय भारतात सहज मिळतीलच असे नाही आणि खर्चही मोठा आहे. जेमसिटाबिन आणि डोसेटॅक्सेल ही दोन जुनी औषधे एकापाठोपाठ मूत्राशयात सोडण्याचा उपचार मात्र तुलनेने स्वस्त आहे. बीसीजीनंतर कर्करोग उलटलेल्या २७६ रुग्णांच्या एका अमेरिकी अभ्यासात दोन वर्षांनी सुमारे निम्म्या रुग्णांत हाय ग्रेड कर्करोग परतला नव्हता.

आकडे वाचताना सावध राहावे. पेम्ब्रोलिझुमॅबच्या चाचणीत ४१ टक्के रुग्णांत कर्करोग दिसेनासा झाला. पण त्यांच्यापैकीही ज्यांच्यात हा परिणाम वर्षभर किंवा अधिक टिकला, ते निम्म्याहून कमी होते. म्हणजे उपचार सुरू केलेल्या शंभरातील साधारण १९ जण. त्यामुळे ‘किती टक्के यश?’ याच्या जोडीला ‘किती काळ?’ हेही विचारावे. पिशवी वाचवण्याचा मार्ग घेतला, तर दर तीन महिन्यांनी दुर्बिणीची तपासणी चुकवून चालत नाही. पुन्हा हाय ग्रेड दिसल्यास कुठे थांबायचे, हेही आधीच ठरवून ठेवावे.

कर्करोग स्नायूत शिरलेल्या निवडक रुग्णांत दुर्बिणीने गाठ पूर्ण काढून केमोथेरपी आणि रेडिएशन एकत्र देण्याचा पर्याय असतो. ७२२ रुग्णांच्या २०२३ मधील अभ्यासात अशा निवडक रुग्णांमध्ये कर्करोग शरीरात इतरत्र पसरण्याचे प्रमाण शस्त्रक्रियेइतकेच आढळले. गाठ एकच असणे, मूत्रपिंडाला सूज नसणे, सीआयएस फार पसरलेला नसणे अशा अटी मात्र त्यात असतात.

शस्त्रक्रियेत काय काढतात? नंतर लघवी कशी होते?

पुरुषांत मूत्राशयासोबत प्रोस्टेट आणि वीर्यकोश, तर स्त्रियांत पारंपरिक पद्धतीने गर्भाशय, बीजांडे आणि योनीमार्गाचा पुढचा काही भाग काढला जातो. निवडक स्त्रियांत हे अवयव राखताही येतात. ओटीपोटातील लसिका गाठीही काढतात. शस्त्रक्रिया कित्येक तास चालते. रोबोटच्या मदतीने केल्यास रक्तस्राव कमी होतो, पण कर्करोगाच्या दृष्टीने निकाल उघड्या शस्त्रक्रियेसारखेच असतात. त्यामुळे यंत्रापेक्षा शल्यविशारदाचा अनुभव पाहावा.

लघवीसाठी मुख्यतः दोन पर्याय असतात. पहिला, लहान आतड्याचा साधारण १५ सेंटिमीटरचा तुकडा वापरून पोटावर उघडणारा मार्ग. त्या तोंडाला स्टोमा म्हणतात. त्यावर चिकटवलेल्या पिशवीत लघवी सतत जमा होते. ती दिवसातून काही वेळा रिकामी करायची आणि दर काही दिवसांनी बदलायची. स्टोमाला स्पर्शाची वेदना नसते. आंघोळ, प्रवास, कामधंदा, देवदर्शन सगळे करता येते. स्टोमाची जागा शस्त्रक्रियेआधीच रुग्णाला उभे करून, बसवून, मांडी घालायला लावून ठरवावी. साडीची निरी किंवा पँटचा पट्टा नेमका तिथे आला, तर पुढे रोजचा जाच होतो.

दुसरा पर्याय म्हणजे आतड्याच्या सुमारे ५० ते ६० सेंटिमीटर भागापासून आतच तयार केलेले नवे मूत्राशय. लघवी नेहमीच्या मार्गाने होते, पोटावर पिशवी नसते. पण या मूत्राशयाला ‘भरले’ ही जाणीव पूर्वीसारखी नसते. घड्याळ लावून दर तीन-चार तासांनी, पोटावर जोर देत ते रिकामे करावे लागते. सुरुवातीला गळती होते, रात्रीची गळती काहींची कायम राहते. काहींना, विशेषतः स्त्रियांना, स्वतः नळी घालून लघवी काढावी लागते. मूत्रपिंडे कमजोर असतील किंवा मूत्रमार्गात कर्करोग असेल, तर हा पर्याय देत नाहीत. हाताची बोटे आणि नजर नीट चालते का, रात्री गजर लावून उठणे जमेल का, याचाही विचार करावा. पिशवी नको म्हणून नवे मूत्राशय, एवढ्यावर निवड करू नये.

धोके किती?

ही मूत्रविकारशास्त्रातील सर्वांत मोठ्या शस्त्रक्रियांपैकी एक आहे. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या नामवंत केंद्रातही पहिल्या ९० दिवसांत ६४ टक्के रुग्णांना काही ना काही गुंतागुंत झाल्याचे २००९ मधील अभ्यासात नोंदवले आहे. त्यातील बहुतेक सौम्य होत्या, तर १३ टक्के रुग्णांत गंभीर. आतड्याची हालचाल मंदावणे, जंतुसंसर्ग, पायात रक्ताची गुठळी हे नेहमीचे त्रास. पूर्ववत होण्यास दोन-तीन महिने सहज लागतात. पुढे मूत्रपिंडांचे कार्य, रक्तातील आम्लता आणि बी-१२ जीवनसत्त्व यांवर कायम लक्ष ठेवावे लागते.

लैंगिक जीवनावर होणारा परिणाम दवाखान्यात बहुधा विचारलाही जात नाही आणि सांगितलाही जात नाही. पुरुषांत ताठरता जाऊ शकते, स्त्रियांत योनीमार्ग आखूड किंवा अरुंद होऊ शकतो. शक्य असेल तिथे नसा वाचवता येतात, पण तो विषय शस्त्रक्रियेआधी काढावा लागतो. पती-पत्नीने हे डॉक्टरांशी एकत्र बोललेले बरे.

वय आणि खर्चाचे काय?

हा आजार प्रामुख्याने साठीनंतर होतो. केवळ वय जास्त म्हणून शस्त्रक्रिया नाकारली जात नाही. हृदय, फुप्फुसे, मूत्रपिंडे आणि रोजची हालचाल पाहून ठरवले जाते. शस्त्रक्रियेपूर्वीच्या काही आठवड्यांत धूम्रपान पूर्ण बंद करणे, प्रथिनयुक्त आहार आणि रोज चालणे यांचा उपयोग होतो.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे संरक्षण असून कर्करोगाच्या शस्त्रक्रियांचा त्यात समावेश आहे. ७० वर्षांवरील सर्वांना ऑक्टोबर २०२४ पासून उत्पन्नाची अट न ठेवता आयुष्मान भारत योजनेत घेतले आहे. रुग्णालय योजनेत आहे का आणि आपली शस्त्रक्रिया त्यात बसते का, हे तिथल्या आरोग्यमित्राकडून आधीच पक्के करावे. स्टोमाच्या पिशव्यांचा खर्च आयुष्यभराचा असतो, तो वेगळा धरावा. मुंबईतील ऑस्टॉमी असोसिएशन ऑफ इंडिया स्टोमा असलेल्यांना मार्गदर्शन करते. दुसरे मत घ्यायचे असेल, तर टाटा मेमोरियल आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडशी जोडलेली ‘नव्या’ ही ऑनलाइन सेवा उपलब्ध आहे. मूळ बायोप्सीच्या काचपट्ट्या दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टकडून तपासून घेणेही रास्त आहे.

डॉक्टरांना काय विचारावे?

माझा कर्करोग लो ग्रेड की हाय ग्रेड? तुकड्यात स्नायू होता का? बीसीजी पुरेसे झाले का? पिशवी राखली तर पुढच्या दोन वर्षांत तो स्नायूत शिरण्याची शक्यता किती? या केंद्रात वर्षाला अशा किती शस्त्रक्रिया होतात? माझ्यासाठी स्टोमा की नवे मूत्राशय, आणि का? स्टोमा व नवे मूत्राशय असलेल्या एकेका रुग्णाशी बोलता येईल का? हे प्रश्न कागदावर लिहून न्यावेत आणि सोबत घरातील एकाला न्यावे.

अनेक घरांत निर्णय मुले घेतात आणि आई-वडिलांना ‘छोटे ऑपरेशन आहे’ एवढेच सांगितले जाते. या शस्त्रक्रियेबाबत तसे करणे नंतर महागात पडते. शुद्धीवर आल्यावर पोटावर पिशवी पाहून बसणारा धक्का आणि मग ती हाताळण्यास नकार, यातून घरच्यांचे आणि रुग्णाचेही हाल होतात. पिशवी रोज सांभाळायची आहे ती रुग्णालाच, त्यामुळे हो किंवा नाही म्हणण्याचा हक्कही त्याचाच. सगळे समजून घेऊन एखाद्याने शस्त्रक्रिया नको म्हटले, तर त्यालाही उपचार आणि तपासण्या मिळत राहिल्या पाहिजेत. निर्णय घ्यायला काही आठवडे हाताशी असतात. ते दुसरे मत, तपासण्या आणि बोलण्यात घालवावेत, टाळाटाळीत घालवू नयेत.